सायबाच्या चुलीमागची भिंत

॥ श्री ॥

कडाव
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

श्री. कमलेश यांस,

थोरल्या वहिनीने धाकट्या दिराला आधी आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहिला असं समजा आणि पुढे वाचा.

फोन का करत नाहीस, असं तुमच्या दादांनी मला विचारलं. फोनवर माझा आवाज चढतो आणि तुम्ही गप्प होता. तुमचं ते गप्प होणं मला ऐकवत नाही. त्यापेक्षा कागद बरा.

तुम्ही पाठवलेली मुलगी काल येऊन गेली. आरोही. कर्जत स्टेशनावरून रिक्षा करून आली. खांद्याला पिशवी, पिशवीत फीत, बॅटरी, लहानशी हातोडी आणि स्वतःची पाण्याची बाटली. "मी जुन्या घरांची तपासणी करते, काकू," म्हणाली. मी म्हटलं, "जुन्या माणसांची कोण करतं?" ती हसली. मला हसायचं नव्हतं.

अकरा वर्षांत तुम्ही दादांचा हात बघायला आला नाहीत. भिंत बघायला मात्र माणूस पाठवलंत, तेही पैसे देऊन.

भिंतीत काय बघायचं राहिलंय? तुळई का पडली ते कडावच्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. संजनाला घरात आणून वर्ष झालं नाही तोच तुम्हाला वेगळी चूल हवी झाली. सायबाच्या दोन हात जाड दगडी भिंतीत तुम्ही दार पाडलंत. २०११ चा मे महिना. तीन दिवस घण चालला होता, देवापुढच्या समईतलं तेल हिंदकळत होतं. २०१३ च्या श्रावणात त्याच खोलीतली तुळई भिंतीतून सुटून खाली आली. खाली तुमचे दादा सोमवारच्या पूजेसाठी चौरंग पुसत बसले होते. जीव वाचला. उजवा हात कोपरापासून पुढे मेला. खांद्याला लटकतोय, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात सगळ्यांदेखत मी तुम्हाला म्हटलं होतं, "तुझ्या दाराने माझ्या नवऱ्याचा हात खाल्ला." तुम्ही महिन्याच्या आत बायकोला घेऊन वडोदऱ्याला गेलात. मी बोलले ते विसरलेले नाही, मागेही घेतलेलं नाही.

आता मुलीने काय सांगितलं ते ऐका, पैसे तुमचे आहेत.

हा बंगला नाही म्हणते. आपण आजवर बंगलाच म्हणत आलो. ती म्हणते, हे इंग्लंडातल्या शेतकऱ्याचं घर आहे, तिथून उचलून इथे ठेवल्यासारखं. हॅलेट साहेब बोरघाटात रेल्वेच्या कामाला आला, काम संपल्यावर परत गेला नाही. इथे जमीन घेतली, भात आणि गाई करू लागला, आणि घर बांधलं ते बापाच्या घरासारखं. बंगल्याला चारी अंगांनी व्हरांडा लागतो, मधे मोठी बैठक लागते. इथे मधून नुसता बोळ. बोळाच्या एका अंगाला राहायची खोली, दुसऱ्या अंगाला दुधाची, वर धान्याचा माळा, आणि भिंतीच्या पोटात धुराडं. दुधाची खोली उत्तरेला, खिडकी लहान, खाली काळ्या दगडाच्या लाद्या. छत्तीस वर्षं मी त्याच खोलीत दूध ठेवते, कारण तिथे ते नासत नाही. मला वाटायचं ही माझी अक्कल. ती सायबाच्या आईची निघाली.

दारावरच्या दगडावरचे चुन्याचे थर तिने खरवडले. आत १८७८ निघालं. पणजोबा गोमा यांनी ह्याच भिंतींना दगड वाहिले, पुढे आजोबांनी सायबानंतरच्या पारशी शेठाकडून हेच घर विकत घेतलं, हे मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. हॅलेटचं नाव तिच्या वहीत मोठ्या अक्षरात आहे, गोमाचं लहान. मी बघितलं.

शेकायच्या चुलीत आपले देव मांडलेले बघून ती थबकली. ही कोणाची कल्पना, म्हणाली. मी म्हटलं, सासूबाईंच्याही आधीपासून आहेत. वर कमान, खाली दगड, एवढा चांगला कोनाडा कोणी रिकामा ठेवला असता?

तुमच्या दादांना मात्र माणूस मिळालं बोलायला. "सायबाला कडावात थंडी कुठं वाजली गं पोरी? मे महिन्यात इथं माणूस उकडून निघतो, नि ह्यानं घरात चूल बांधली शेकायला."

"घर आठवत असेल हो काका."

"आठवत व्हतं तर जायाचं व्हतं घरला. कोणी धरला व्हता?"

असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप उचलले.

जुनी घरं विकत घेत फिरणाऱ्या त्या हॉटेलवाल्यांना घर द्यायचं मनात असेल तर सरळ लिहा. हॅलेट सायबाचा इतिहास मधे घालू नका. आम्ही म्हातारी झालोय, बहिरी नाही.

सौ. द्वारका सहदेव


कडाव
रविवार, १ डिसेंबर २०२४

श्री. कमलेश यांस,

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळी. "घर तुम्हालाच राहू दे, मला नको. दार पाडल्यामुळे तुळई पडली का, एवढंच मला कळायला हवं." उघडं कार्ड पाठवलंत. पोस्टमन किरणने ते वाचलं असणार, कारण देताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

एवढंच, म्हणे.

मुलगी काल पुन्हा आली होती. सबंध दिवस होती. मी तिला वालाचं बिरडं आणि भाकरी वाढली, दोनदा मागून घेतलं. पोरगी वाईट नाही. तुमच्या वतीने आली हा तिचा दोष.

चुलीची भिंत तिने हातोडीने हळूहळू ठोकत ऐकली, डॉक्टर पाठीवर बोटं ठोकतात तशी. मग म्हणाली, "इथे वरून सिमेंट आहे. आतून आणि बाहेरून. कधी केलं?"

तुम्हाला आठवत असेलच. २००५. सव्वीस जुलैच्या पावसाने भिंत चार दिवस पाण्यात उभी होती. चुन्याचा गिलावा फुगला आणि पापुद्रे एकवीरेच्या टाकावर पडू लागले. पुसलं की पुन्हा पडायचे. गणपती सव्वा महिन्यावर आले होते. मी म्हटलं, असल्या भिंतीपुढे मी गणपती बसवायची नाही. तुमचे दादा म्हणत होते, "वाळूं दे गं तिला. दिवाळीनंतर चुना मारू, दरसाल मारतोच ना." मी ऐकलं नाही. दरसाल चुना, दरसाल घाण. एकदाच सिमेंट केलं की जन्माची कटकट गेली, असं मी धरून चालले. गोण्या तुम्हीच टेंपोतून आणल्यात, वाळू तुम्हीच चाळलीत. धुराड्यातून चिमण्यांची घाण देवांवर पडायची, म्हणून त्याच्या तोंडावर लादी टाकून तेही बंद करून घेतलं. त्या साली गणपती आरशासारख्या भिंतीपुढे बसला. शेजारची अंबाबाई म्हणाली, "सायबाच्या घरातली मडम झालीस गं द्वारके." मला ते आवडलं होतं.

हे सगळं मुलीला सांगितलं. काही लपवलं नाही. ती कपाळाला हात लावून बसली.

"काकू, चुन्याची भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हात सोडून देते. तुम्ही तिला दोन्हीकडून रेनकोट घातलात. पण ती आतून भिजलेलीच होती."

"मग? एकोणीस वर्षांत वाळली असेल की."

तिने मला विचारून देवांच्या वर, तुळई बसायची त्या जागी, तळहाताएवढं सिमेंट फोडलं. धुराड्याच्या लादीला वरून चीर गेलीय, तिथून दर पावसाळ्यात थोडं थोडं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही, असं म्हणाली. मी बोट लावलं. डिसेंबर लागतोय, शेतात धूळ उडतेय, आणि सायबाची भिंत आत ओली. चुना नखाने निघत होता.

मग आम्ही गोठ्यात गेलो. जुनी तुळई तिथे गव्हाणीला आडवी टाकलीय, दादांच्या अपघातानंतर वर लोखंडी गर्डर घातला तेव्हापासून. मुलगी गुडघ्यांवर बसली. एका टोकाला तिने हात फिरवला. "ह्याच्यावर तासणीच्या जुन्या खुणा आहेत. दुसरं मात्र करवतीने सरळ कापलंय. चुलीच्या भिंतीत असणार ते हेच. कापलेला तुकडा कुठे आहे?"

मी म्हटलं, "धाकलू सुताराने कापला. धाकलूला जाऊन तीन वर्षं झाली."

ह्यात खोटं काही नाही.

तिने वहीत त्या कापाचं चित्र काढलं. मग तिने मला समजावलं, तेच तुम्हाला लिहिते. भिंतीतलं टोक कुजलेलं असेल तर दोष पाण्याचा. टोक धड असेल तर ते घणाच्या हादऱ्यांनी सैल होऊन निसटलं, म्हणजे दोष दाराचा. "भिंत ओली आहे म्हणून टोक कुजलं असेल अशी शक्यता मी लिहू शकते. खात्री नाही लिहू शकत. टोक बघायला मिळालं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं."

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: सांगता येत नाही.

आता पुरे करा. तुम्ही तिथे सुखात आहात, मुलं इंग्रजी शाळेत आहेत असं अंबाबाईची सून सांगते. तिच्याकडे फोटो येतात, आमच्याकडे येत नाहीत. अकरा वर्षांपूर्वीचं लाकूड उकरून कोणाचं भलं होणार आहे?

सौ. द्वारका सहदेव


कडाव
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

हे तुमचे दादा सांगताहेत. मी नुसती लिहिते.

कमल्या, त्या पोरीनं तिचा कागद वाचून दाखवला. सायबाचं, भिंतीचं लय काय काय लिवलंय. मना कळलं ते इतकं, की दार पाडल्यामुळं बी झालं असंल, पाण्यामुळं बी झालं असंल, नक्की सांगता येत नाय.

खरं सांगू का रं. इतकी वर्सं मी मनात म्हणायचो, पोराचं काय चुकलं नसंल. वयनी रागात बोलली, माज्या जिवापायी बोलली. पण तुळई काय अशी पडत नाय. आता शिकलेलं माणूस कागदावर लिवतंय, मंजे तुज्या दाराचं असंलच काय तरी. मी उगाच तुजी बाजू धरून बसलो व्हतो मनात.

तर आईक. तुला मी माफ केलं. हात गेला तो गेला. डाव्या हातानं जेवतो, डाव्या हातानं गाईला पाणी दावतो. तू लहान व्हतास, तुला कळलं नाय. संक्रांतीला ये. बायकोला आण, पोरांना आण. पोरांनी माजं त्वांड बी बघितलेलं नाय. मी आता कायपण बोलणार नाय, वयनी पण बोलणार नाय.

सांगून झालं. मी विचारलं, "माफ केलं, हे असंच ठेवू?"

"मंग कसं ठेवशील?" म्हणाले.

तसंच ठेवलंय.

द्वारका


कडाव
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

कमलेश,

मागच्या पत्रातलं ते माफीचं वाक्य खोडून टाक. ते तुझ्यासाठी नाही. तुझं काही चुकलंच नव्हतं.

नऊ दिवस झाले. दादांनी सांगितलं आणि मी चुलीतल्या देवांसमोर पाट मांडून ते अक्षर काढलं. शाळेत असल्यापासून माझं अक्षर चांगलं, त्या दिवशीही चांगलंच आलं. पाकीट मीच चिकटवलं, मीच पेटीत टाकलं. घरी आले, दिवा लावायला बसले आणि हात पुढे होईना. तेव्हापासून देवांची पूजा हे डाव्या हाताने करताहेत. माझं डोकं दुखतंय असं सांगितलंय.

तुळई पडली तो सोमवार. मंगळवारी सकाळी तू खोपोलीच्या दवाखान्यात होतास. रात्रभर होतास, रक्तही तूच दिलं होतंस. मी कपडे न्यायला घरी आले. देवांवर तुळई पडलेली मला बघवेना, म्हणून धाकलू सुताराला बोलावलं. तो आणि त्याचा भाऊ चिमा, दोघांनी ती बाजूला घेतली. चिमा दोर परत द्यायला गेला. धाकलू उकिडवा बसून टोक बघत होता. त्याने त्यात बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं.

"वयनी, ह्ये तर पार भुसा झालंय गं आतून. ह्याला दारानं काय केलं? दार तर त्या टोकाला हाय."

मी म्हटलं, "कापून टाक ते."

"कशापायी?"

"घाण दिसतं."

मग त्याने कापलं, दोन वीत असेल. निघताना म्हणाला, "सहदेवला सांग हां, कुजलं व्हतं म्हणून." मी हो म्हटलं.

मी तो तुकडा न्हाणीच्या चुलीत घातला. ओला होता, पेटेना. रॉकेल ओतलं. त्यावर पाणी तापवून आंघोळ केली, देव धुतले, पूजा केली. मग एसटीने खोपोलीला आले आणि दवाखान्याच्या दारात तुला ते बोलले.

आधी जाळलं, मग बोलले. हे नीट वाच. रागाच्या भरात बोलले असं तुझे दादा म्हणतात. राग होता, पण भर नव्हता. वाटेत पाऊण तास एसटीत बसले होते.

सिमेंटाने भिंत कुजते हे मला ह्या महिन्यात कळलं. ती आरोही आली नसती तर मरेपर्यंत कळलं नसतं. पण दाराने लाकूड कुजत नाही, एवढं कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही.

का केलं ते तू विचारशील. विचारणार नाहीस, तू गप्प होशील. तरी सांगते.

मी ह्या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तुला पाढे मी शिकवले, तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, गोवर आला तेव्हा एकवीस दिवस मी तुझ्याजवळ निजले. मला देवाने मूल दिलं नाही. मी त्याबद्दल कधी कोणाजवळ रडले नाही, कारण मला वाटायचं दिलंय.

मग तू दार पाडलंस. मला विचारलं नाहीस. मजुरांना आधी सांगितलंस, मला ते पहारी घेऊन अंगणात आले तेव्हा कळलं. भोक पडून पलीकडचा उजेड माझ्या चुलीपर्यंत आला तेव्हा मी भाकरी थापत होते. संजना पलीकडून हसून म्हणाली, "वयनी, आता आमची अडचण नाय तुमाला." मला कुठे अडचण होती? आणि तू काय म्हणालास आठवतं? "वयनी, दार हायच की मधे, तू कवापण ये." मला माझ्याच घरात यायचं आमंत्रण दिलंस. दोन वर्षं मी त्या दारातून एकदाही गेले नाही, हे तुझ्या लक्षात तरी आलं का?

म्हणून तुळई पडली तेव्हा ती दारावर ढकलली. मला ते खरंच वाटत होतं, कमलेश. धाकलूचं बोट आत गेलं तेव्हासुद्धा. हे घर फोडलं ते तूच, फक्त लाकडाने चुकीची जागा निवडली, असं मी मनाशी धरलं. अकरा वर्षं धरलं. उपास केले, एकादश्या केल्या, आणि हेही धरलं.

मी तुझी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, तुला ती खोड आहे लहानपणापासून, आणि मग सगळं माझ्या सोयीचं होईल.

आरोहीला सकाळी फोन केला. म्हटलं, कागद बदल. लिही, टोक कुजलेलं होतं. सिमेंट द्वारकाबाईने ओल्या भिंतीवर करून घेतलं. धुराडं द्वारकाबाईने बंद केलं. टोक द्वारकाबाईने कापून जाळलं.

तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "काकू, जाळलं ते घराच्या इतिहासात लिहायची गरज नाही हो."

मी म्हटलं, "सायबाच्या आईची दुधाची खोली लिहिलीस ना? मग हेही त्याच घरात झालंय."

ती लिहिते म्हणाली. कागद तुला येईल. त्या आधी माझ्या हाताने कळावं म्हणून हे.

दादांना अजून सांगितलेलं नाही. रोज किरणला विचारतात, वडोदऱ्याचं काही आलं का रं.

द्वारका


कडाव
गुरुवार, २६ डिसेंबर २०२४

कमलेश,

काल त्यांना सांगितलं. गोठ्यात सांगितलं, तुळईपाशी, मला फिरवून बोलता येऊ नये म्हणून. ते गाईला पेंढा घालत होते.

"पुना सांग," म्हणाले.

पुन्हा सांगितलं. धाकलूचं बोट, करवत, न्हाणीची चूल. सगळं.

"धाकलूच्या मयताला तू आली नायस. डोकं दुकतंय म्हणालीस."

"हो."

"तो मराच्या आधी दोनदा मना म्हणाला, वयनीनं तुला कायतरी सांगायचंय, इचार तिला. मी म्हटलं, तिला काय सांगायचंय, ती रोज सांगतेच की." आणि हसले, कमलेश. त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग ते हसू गेलं आणि तिथेच गव्हाणीवर बसले.

मी म्हटलं, "बोला काय ते. मारा मला."

"कंच्या हातानं?"

मग म्हणाले, "हाताचं म्या कवाच धरलं नाय. हात काय, कोणाचा बी जातो. पण मी त्या पोराला माफी लिवून धाडली गं. तुज्याच हातानं. तो वाचंल, नि म्हणंल, दादाला पण तसंच वाटतंय. ते आता कसं परत आणशील?"

मी म्हटलं, "मी पत्र पाठवलंय, खोडायला सांगितलंय."

"कागदानं व्हत नाय," म्हणाले.

आज सकाळी माळ्यावरून पिशवी काढली. माळ्यावर चढू नका म्हटलं तर ऐकलं नाही, एका हाताने शिडी धरून चढले. दोन धोतरं, टोपी, औषधं भरली. मी भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली. ती ओट्यावर ठेवून गेले. शेजारच्या नीलेशने मोटारसायकलवरून कर्जत स्टेशनाला सोडलं. कल्याणला उतरून पुढची गाडी विचारीन म्हणाले. माणूस वसईच्या पुढे कधी गेलेला नाही. तिकिटाचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत, नीलेशकडून घेतले.

"कधी परत याल?" असं मी विचारलं.

"कमल्या सांगंल तवा."

त्यांच्याजवळ तुझा पत्ता आहे. मीच लिहून दिला, तेवढा घेतला. हे पत्र पोचेल तेव्हा ते तुझ्या घरात असतील. फोन करून तुला आधी सांगता आलं असतं. पण दार उघडल्यावर त्यांना बघून तुझं तोंड कसं होईल, ते मी आधी सांगून बिघडवायचं नाही असं ठरवलं. मी पुष्कळ बिघडवलंय.

आरोहीची माणसं नव्या वर्षात सिमेंट काढायला येतील. छिन्नीने हळूहळू काढायचं म्हणते, घण लावायचा नाही. भिंत वाळायला दोन पावसाळे जातील. तोवर देव दुधाच्या खोलीत नेते.

संक्रांतीला या असं मी लिहीत नाही. ते दादांनी लिहिलंय, ते खोडू नकोस.

एक सांगायचं राहिलं. शर्टाची पुढची बटणं ते एका हाताने लावतात, शिकलेत. डाव्या बाहीचं लागत नाही, त्याला उजवा हात लागतो. अकरा वर्षं ते मी लावते. आज मी पुढे झाले तर त्यांनी हात मागे घेतला, आणि बाही तशीच उघडी ठेवून गेले. थंडीत तसेच आले असतील.

तू लाव. तुझ्यापुढे ते हात मागे घेणार नाहीत.

द्वारका